सेवेच्या धावपळीत स्वतःचा आत्मा कसा सांभाळायचा? सोलापुरातले सेवक नेहमी विचारतात ते प्रश्न

सगळ्यांना सलाम आणि जय ख्रिस्त. माझे मिस्टर चर्चचे पाळक आहेत, मी महिला मंडळ, संडे स्कूल आणि घरभेटी बघते. शहरातले आणि मोहोळ, बार्शी, अक्कलकोट बाजूचे सेवक, इव्हँजेलिस्ट म्हणजे सुवार्तिक, घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायबल वूमन, तरुण संघाची पोरं यांच्याशी रोजचं बोलणं असतं, आणि सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, कुणी उपासना संपल्यावर बाजूला घेऊन, कुणी रात्री उशिरा फोन करून. म्हणून एका जागी लिहून काढलंय. खालची सगळी उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत ती आधीच सांगते: देवाचं काम करणं वेगळं आणि देवाजवळ बसणं वेगळं, आणि पहिलं कितीही केलं तरी दुसऱ्याची भरपाई होत नाही.

प्रश्न: ताई, आठवड्याला तीन-तीन संदेश तयार करतो, बायबल कायम हातातच असतं. मग वेगळं मनन कशाला पाहिजे?

कारण संदेशासाठी वाचताना तुमच्या डोक्यात दुसरी माणसं बसलेली असतात. हे वचन अमक्या घराला लागू होतंय, हा मुद्दा तरुणांना सांगायचा, इथे एक उदाहरण पाहिजे. ते वाचन मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या सभासदांसाठी आहे, चांगलंच आहे, पण त्यात प्रभू तुमच्याशी बोलायला लागला की तुम्ही लगेच ते दुसऱ्याकडे पाठवून देता.

गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायात सहाव्या वचनात ती मुलगी सांगते की भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं आणि माझा स्वतःचा मळा राखायचा राहूनच गेला. मला वाटतं सेवकांबद्दल एवढं नेमकं वचन दुसरं नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा, तो वर्षातून दोन छाटण्या करतो, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. एप्रिलमध्ये भर उन्हात वेल बोडकी दिसते, हाताला काहीच लागत नाही, बघणाऱ्याला वाटतं नुकसान केलं. पण पुढच्या हंगामाचे घड कुठल्या डोळ्यातून निघणार हे त्याच काळात काडीत ठरत असतं. योहान १५ मध्ये येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, ते वाचताना ही एप्रिलची बाग डोळ्यासमोर ठेवा. ज्या वेळेतून संदेश, रिपोर्ट, फोटो काहीच निघत नाही तो वेळ वाया गेला असं सेवकाला सगळ्यात जास्त वाटतं, आणि तोच वेळ आपण सगळ्यात आधी कापतो.

करायचं काय तर साधं आहे. ज्या पुस्तकावरून सध्या संदेश देताय ते पुस्तक स्वतःच्या मननासाठी घ्यायचं नाही. शुभवर्तमानावर मालिका चालू असेल तर स्वतःसाठी स्तोत्रं वाचा. रोज पाच स्तोत्रं वाचली की महिन्यात १५० होतात, जुनी पद्धत आहे ही, पण ११९ वं एकटंच १७६ वचनांचं आहे त्यामुळे जमेल तसं घ्या, रोज एक घेतलं तरी पाच महिन्यांत संपतं. आणि या वेळेत संदेशाची वही जवळ ठेवू नका. एखादी गोष्ट मनाला फारच लागली तर ती त्या आठवड्यात पुलपिटवर, म्हणजे संदेशात, नेऊ नका, आधी तुमच्यात मुरू द्या.

प्रश्न: सकाळी वेळच मिळत नाही. पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करणाऱ्यांचं ऐकलं की अपराधी वाटतं.

पहाटे चारला उठणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण सोलापुरात राहणाऱ्याला पहाटेची अडचण वेगळी सांगायला नको. आपल्याकडे बऱ्याच भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ते कधी पहाटे तीनला येतं तर कधी रात्री बाराला. त्या दिवशी टाकी, बॅरल, घागरी, कळशा, शेजारच्या आजींचं पण भरून द्यायचं, मोटार बंद करायची, तोवर शाळेचा डबा. अशा घरात "रोज पहाटे पाच" असं ठरवलं की आठवड्यातून दोनदा मोडतं, आणि दोनदा मोडलं की माणूस सगळंच सोडून देतो. त्यामुळे मी घड्याळाची वेळ ठरवायला सांगतच नाही. रोज होणाऱ्या एखाद्या कामाला ती बांधा. पहिल्या चहाआधी. पोरं शाळेत गेली की लगेच, गाडीची किल्ली हातात घ्यायच्या आधी. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा असं लिहिलंय, त्याची खिडकीसुद्धा ठरलेली होती, म्हणजे जागा ठरलेली पाहिजे हे नक्की. आमच्याकडे ती स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची आहे आणि घरातल्या सगळ्यांना माहितीय की तिथं कुणी बसलं असेल तर हाक मारायची नाही.

वीस मिनिटं पुरतात का? रोज वीस मिनिटं ही महिन्यातून एका रात्रीच्या जागरण प्रार्थनेपेक्षा जास्त पोसतात असं माझं ठाम मत आहे. रानात इस्राएल लोकांना देवाने खायला दिलेला मान्नासुद्धा रोजचा रोजच गोळा करायला लागायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडायचे, अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा.

आणि मार्कच्या पहिल्या अध्यायातलं ३५ वं वचन आपण सगळे सांगतो, येशू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला, पण पुढची दोन वचनं कुणी सांगत नाही. शिमोन त्याला शोधत येतो आणि म्हणतो सगळे तुम्हाला शोधतायत. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलं होतं, कामं राहिली होती, माणसं वाट बघत होती, आणि तरी तो उठून गेला होता, आणि शिमोनाने शोधून काढल्यावरसुद्धा मागे न फिरता दुसऱ्या गावांना गेला. सगळं आटोपल्यावर प्रार्थनेला बसू असं म्हणणाऱ्याला हे वाचून दाखवा.

प्रश्न: प्रार्थना करतो पण काहीच वाटत नाही. आतून कोरडं झालंय. माझ्या जीवनात पाप आहे म्हणून असं होतंय का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारताना आवाज सगळ्यात बारीक झालेला असतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

पाप असू शकतं. एखादी लपवलेली गोष्ट असेल, पैशाची असेल, नात्यातली असेल, तर ती तुम्हाला माहितीच असते, मला विचारायची गरज नसते, जाऊन कबूल करा आणि मोकळे व्हा. पण कोरडेपणा आला म्हणजे पापच असलं पाहिजे हे शास्त्रात कुठंच नाही, आणि आपल्याकडच्या काही मीटिंगांमध्ये तसं सरळ सांगितलं जातं, त्याने आधीच थकलेला सेवक पार मोडून जातो. ८८ वं स्तोत्र काढा. शेवटपर्यंत अंधारच आहे त्यात, शेवटच्या ओळीतसुद्धा उजेड येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, गायकांनी गायचं म्हणून दिलेलं आहे. ४२ वं घ्या, तिथं माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतोय की तू असा खिन्न का झालास. ही माणसं देवापासून लांब गेलेली नव्हती, ती देवाशीच बोलत होती.

मग एलीया संदेष्टा. १ राजे १९. कर्मेल डोंगरावरचा एवढा मोठा विजय झाला, अग्नी पडला, पाऊस पडला, आणि ईजबेल राणीचा जिवे मारायच्या धमकीचा एक निरोप आल्याबरोबर हा माणूस रानात पळून जातो, झुडपाखाली बसतो आणि मला मरण दे म्हणतो. देव त्याला काय करतो बघा. रागवत नाही. उपवास कर म्हणत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत येऊन उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलेलं असतं. तो खातो आणि परत झोपतो, आणि देवदूत दुसऱ्यांदा येतो, परत खायला लावतो, कारण पुढचा रस्ता लांब आहे म्हणतो. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकल्याचा तो अनुभव त्याच्यानंतर आला. आधी झोप, जेवण, परत झोप, परत जेवण. ख्रिसमस, ३१ डिसेंबरच्या रात्रीची वॉचनाइट, नवीन वर्षाची उपासना हे सगळं संपवून जानेवारीत पाळक कोरडे पडतात तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते की झोप किती होतीये आणि दुपारचं जेवण कुठं होतंय. अर्ध्या लोकांचं उत्तर असतं, चार तास, आणि जेवण म्हणजे कुणाच्या तरी घरी चहा आणि खारी.

कोरडेपणात प्रार्थना कशी करायची? स्वतःचे शब्द येत नसतील तर उसने घ्या, स्तोत्रं त्यासाठीच आहेत. मोठ्याने वाचा, हळू वाचा, तेच परत वाचा. किंवा गा. नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या सगळ्या मराठी मंडळ्यांमध्ये गातात, बहुतेक सेवकांना ती तोंडपाठ आहेत पण ती ते फक्त हार्मोनियम आणि तबल्याबरोबर लोकांसमोर गातात. एकट्याने, तालाशिवाय, अगदी बेसूर का होईना पण एक भजन प्रभूला म्हणून दाखवा. माझ्या सासूबाई भाकरी थापताना २३ वं स्तोत्र म्हणायच्या, सहाच वचनं आहेत, एक भाकरी तव्यावर पडून पाणी लावून उलटेपर्यंत होऊन जायचं, आणि पिठाचे हात असल्यामुळे फोन घ्यायचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न: हे कोरडेपण आहे की डिप्रेशन, कसं ओळखायचं?

झोप उडालीय किंवा दिवसभर झोपच येतेय, भूक गेलीय, आवडत्या गोष्टीत मन लागत नाही, विनाकारण रडू येतंय, आणि हे दोन आठवड्यांच्या पुढं चाललंय, तर डॉक्टरला दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका, आजच घरात एकाला सांगा. सरकारची टेली मानस म्हणून फ्री हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी काय घ्यायचं ते पत्रात लिहितो, आणि पौलाच्या सोबत शेवटपर्यंत जो राहिला तो लूक, वैद्य होता. बीपीची गोळी घेताना आपण कुणाला विचारत नाही, मग ही घेताना मंडळी काय म्हणेल याचा विचार कशाला?

प्रश्न: पाळकाला सुट्टी असते का? रविवार तर आमचा कामाचाच दिवस.

असलीच पाहिजे. शब्बाथाची आज्ञा दहा आज्ञांमध्ये आहे, ती पाळकांना सोडून बाकीच्यांसाठी असं तिथं लिहिलेलं नाही. रविवार कामात जातो तर सोमवार घ्या, आणि मंडळीत जाहीर करून घ्या, कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंद करून घ्या, म्हणजे तो तुमचा वैयक्तिक आळस न राहता मंडळीचा ठराव होतो. सोमवारी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, ठेवायची नाही, लग्नाची बोलणी नाहीत, दाखल्यांवर सह्या नाहीत. मयत झाली तर मात्र जायचंच, त्याला सोमवार-मंगळवार नसतो, पण मग मंगळवारी दुपार स्वतःला परत द्या, हे लोक विसरतात.

मार्क ६:३१ मध्ये येशू शिष्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्या म्हणतो, आणि कारण पण लिहिलंय, येणारे-जाणारे एवढे होते की त्यांना जेवायलासुद्धा सवड नव्हती. अगदी आपल्या पार्सोनेजसारखंच, म्हणजे पाळकाच्या घरासारखंच.

प्रश्न: पण "नाही" कसं म्हणायचं? लोक दुखावतात.

लोक दुखावतात हे खरं आहे, आणि काहींना दुखावू द्यायला लागतं. पण प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायचं नसतं. मी अशी विभागणी करते: मरण, अचानक आलेलं आजारपण, घरातला मारहाणीचा प्रसंग, यासाठी रात्री दोनला फोन आला तरी उचलायचा. घरभरणी, वाढदिवसाची प्रार्थना, नवीन गाडीसाठी प्रार्थना, ही पाळकानेच केली पाहिजे असं काही नाही, मंडळीतले वडीलधारे करू शकतात आणि केलीच पाहिजेत. प्रेषित ६ मध्ये विधवांच्या जेवणाच्या वाढपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी काम टाकून दिलं नाही, सात माणसं निवडली आणि स्वतः प्रार्थना आणि वचनाच्या सेवेत राहिले. मोशेचा सासरा इथ्रो याने मोशेला निर्गम १८ मध्ये हेच सांगितलं, तू पण झिजशील आणि हे लोकपण झिजतील. लोकपण झिजतील हे महत्त्वाचं आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका माणसापुढे रांग लावून लोकांचंही भलं होत नसतं.

आणि गणना ११ पण वाचा, तिथं मोशे देवाला स्पष्ट विचारतो की या लोकांना काय मी जन्म दिलाय का, मला हे ओझं झेपत नाही, यापेक्षा मारून टाक. देवाने उत्तर म्हणून सत्तर वडील दिले. तक्रार देवाकडे केली की मार्ग निघतो, तीच तक्रार बायकोवर काढली की नुसतं भांडण होतं.

प्रश्न: मंडळीचे व्हॉट्सॲप ग्रुप. प्रार्थना विनंत्या दिवसभर येतात, उत्तर नाही दिलं तर राग येतो.

थोडक्यात सांगते. फोन झोपायच्या खोलीत नको. चार्जिंग बाहेरच्या खोलीत, आवाज चालू, म्हणजे खरंच तातडीचा कॉल आला तर ऐकू येईल पण मेसेज बघितला जाणार नाही. सकाळी बायबलच्या आधी फोन उघडायचा नाही, आणि बायबल फोनवर वाचत असाल तर छापील घ्या, बायबल सोसायटीचं साधं मिळतं. प्रार्थना विनंतीला हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळं व्हायची सवय सोडा, एक तर तिथंच थांबून दोन वाक्यं प्रार्थना करा किंवा वहीत नाव लिहा. हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि प्रार्थना केलीच नाही, असं रोज होत राहिलं की स्वतःच्या प्रार्थनेवरचाच आपला विश्वास उडायला लागतो.

प्रश्न: कमिटीतली भांडणं, निवडणूक, गटबाजी यानंतर प्रभुभोजन द्यायला उभं राहायचं. आतून राग धुमसत असतो.

रागाला जागा द्यायला लागते, नाहीतर तो संदेशात उतरतो. तुम्ही ऐकलं असेल, पुलपिटवरून नाव न घेता कुणाला तरी टोमणे मारलेले. सगळ्या मंडळीला कळतं कुणाबद्दल आहे. तो राग स्तोत्रांमध्ये ओता, तिथं शत्रूंबद्दल जे काही म्हटलंय ते वाचून अंगावर काटा येतो, आणि ते तिथंच म्हणायचं असतं, देवासमोर, दार लावून. नंतर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट. रविवारच्या आधी शनिवारी त्या माणसाच्या घरी जा, वादावर बोलू नका, चहा घ्या, आजारी आईची चौकशी करा आणि या. समेट एका भेटीत होत नाही पण तुमचा हात प्रभुभोजनाची थाळी धरताना थरथरायचा कमी होतो.

आणि वाद कायदेशीर झाला असेल, कोर्टकचेरी असेल, तर ते काम एखाद्या समजदार वडिलांवर सोपवा. पाळक फाइली घेऊन तारखांना पळत असला की शब्द आणि प्रार्थना यासाठी मन उरत नाही, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

प्रश्न: पाळकीणबाईंचं काय? सगळे साहेबांना विचारतात, आम्हाला कोण विचारणार?

मी विचारते. आपल्याकडे पाळकाची बायको म्हणजे पगार नसलेला दुसरा पाळक. पाहुण्यांचा स्वयंपाक तिचा, महिला मंडळ तिचं, संडे स्कूल तिचं, कुणाची पोरगी घरातून निघून गेली की तिची आई रडायला हिच्याकडे, आणि हिला रडायला जागा नाही कारण मंडळीत कुणाजवळ बोललं की गावभर होतं.

बहिणींनो, मंडळीबाहेरची एक मैत्रीण असू द्या. दुसऱ्या मंडळीतल्या पाळकीणबाई सगळ्यात बऱ्या, त्यांना अर्धं सांगायच्या आत कळतं. दर उपासनेत पुढच्या बाकावर बसून घड्याळ, पोरं, माइक, सगळं सांभाळत ऐकलेला संदेश हा तुमचा संदेश होत नाही, म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन नुसतं मागच्या बाकावर बसा, तुम्हाला तिथं कुणी ओळखत नसेल तर उत्तमच. मार्था कामाच्या धांदलीत आणि मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, ही गोष्ट आपल्याला मार्थेला रागवण्यासाठी सांगितली जाते, पण येशू तिचं नाव दोनदा घेतो, मार्था, मार्था, त्यात केवढी माया आहे ते ऐका. आणि साहेबांनो, आठवड्यातून एक संध्याकाळ पोरांना तुम्ही सांभाळा आणि तिला दार लावून बसू द्या.

प्रश्न: पगार पुरत नाही. पैशाच्या काळजीत प्रार्थनेला मन लागत नाही.

हे आत्मिक उत्तर देऊन झटकून टाकण्यासारखं नाही. किराणा, फी, पेट्रोल खरं आहे. पौल करिंथमध्ये तंबू बनवायचा, त्यामुळे खेड्यातला इव्हँजेलिस्ट ट्यूशन घेतो किंवा शिलाई करतो त्यात कमीपणा काही नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले, १९१९ मध्ये वारले. ती त्यांची हाक होती, लहान पोरांच्या बापाने ती नक्कल करू नये. मंडळीच्या खजिनदारासमोर घरखर्चाचा कागद मांडा, लाजू नका. आणि कर्ज काढून मोठा कार्यक्रम, मोठा मंडप करू नका, त्या हप्त्यांनी कितीतरी सेवकांची प्रार्थना खाल्लीय.

प्रश्न: लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, उपवास करावा का? ऊन फार असतं.

मार्च-एप्रिलमध्ये सोलापूर चाळिशीच्या पुढं जातं. शुगर असेल, बीपीची गोळी असेल, अंगावर दूध पाजत असाल तर अन्नाचा उपवास नको. फोनचा, चहाचा, बोलण्याचा करा. गुड फ्रायडेला बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांची उपासना चालवायची असते, पाळकाने सकाळी पाणी आणि थोडं ताक घेऊनच उभं राहावं, चक्कर येऊन पडण्यात भक्ती नाही.

प्रश्न: एकांतासाठी जायचं कुठं? पाचगणीला जायला पैसे नाहीत.

पाचगणीच पाहिजे असं काही नाही. हिप्परगा तलावाच्या बाजूला सकाळी लवकर जा. नान्नजच्या माळरानाकडे जा, माळढोकसाठी राखलेलं ते रान, पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं, वाऱ्याशिवाय आवाज नाही. डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, बायबल, संध्याकाळी घरी. तीन महिन्यांतून असा एक दिवस खर्चाविना होतो.

जमलं तर एकदा केडगावला जाऊन या. आपल्याच रेल्वे लाइनवर आहे, दौंडच्या पुढं पुण्याच्या बाजूला. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्यांचं जेवणखाण, शिक्षण, आजारपण, शेती, छापखाना, एवढा मोठा संसार होता. १९०५ मध्ये तिथं जी आत्मिक जागृती झाली तिच्या आधी मुलींचे प्रार्थनेचे गट रोज बसत होते. आणि या सगळ्या गडबडीत ही बाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसायची आणि आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करायची, १९२२ मध्ये वारल्या त्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं. आपल्याला वेळ नाही असं वाटतं तेव्हा मला रमाबाईंचं टेबल आठवतं. पण एक लक्षात घ्या, त्यांनी कामं वाटून दिली होती, मुलीच मुलींना शिकवायच्या, मोठ्या लहानांना सांभाळायच्या.

प्रश्न: मंडळीत तेलुगू, कन्नड बोलणारी घरं आहेत, मी स्वतः घरी तेलुगू बोलतो पण सेवा मराठीत करतो. प्रार्थना कुठल्या भाषेत करू?

एकट्याने करताना आईच्या भाषेत. सेवेची भाषा तोंडाला इतकी सरावलेली असते की ठरलेली वाक्यं आपोआप येतात. पूर्व भागातले आमचे एक सेवक मराठीत तासभर प्रार्थना करतात, आणि तेलुगूत दोन वाक्यं बोलले की रडायला लागतात.

प्रश्न: कुणाला सांगू? सेवकाचा सेवक कोण?

पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र, चौथा अध्याय. म्हातारा माणूस तुरुंगात आहे. सोबतीचा देमास सोडून गेला, फक्त लूक जवळ आहे. तो काय मागतो? तू लवकर ये, मार्कला घेऊन ये, त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं, आणि हिवाळ्याच्या आधी ये. एवढा मोठा प्रेषित सरळ म्हणतो मला माणूस पाहिजे, मला थंडी वाजतेय, मला वाचायला पाहिजे. तुम्हीपण सरळ मागा.

एक माणूस निवडा जो तुमच्या मंडळीत नाही, तुमचा साहेब नाही आणि तुमच्या बदलीत ज्याचा हात नाही. रिटायर झालेले पाळक यासाठी फार चांगले, त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांना कुणी बोलवत नाही. महिन्यातून एकदा भेटा. त्यांनी तुम्हाला मंडळीचे आकडे विचारायचे नाहीत. विचारायचं ते असं: प्रार्थना कशी चाललीय, झोप कशी आहे, बायकोशी किंवा नवऱ्याशी शेवटचं निवांत कधी बोललास, मोबाइलवर एकटा असताना काय बघतोस, पैशाचा कुठला व्यवहार लपवलायस का. शेवटचे दोन प्रश्न अवघड आहेत आणि तेच सगळ्यात जास्त सेवक वाचवतात.

प्रश्न: आम्ही मंडळीतले साधे सभासद आहोत. आमच्या पाळकांसाठी आम्ही काय करू?

विचारलंत म्हणून बरं वाटलं. त्यांना "तुमच्यासाठी कशाबद्दल प्रार्थना करू" असं विचारा आणि उत्तराची वाट बघा, पहिल्यांदा ते "सगळं ठीक आहे" म्हणतील. सोमवारी फोन करू नका. संदेश छान झाला एवढंच न म्हणता त्यातलं काय लागलं ते सांगा. पोरांना पाळकाची पोरं म्हणून टोकू नका. घरी बोलावलंत तर लवकर जेवायला वाढा आणि लवकर जाऊ द्या. ताटात शेंगाचटणी आणि कडक भाकरी असली तरी पुरे, पनीरची गरज नाही. आणि वर्षातून एकदा कमिटीने त्यांना आठवडाभराची सुट्टी पगारासकट द्यावी, त्या रविवारी उपासना मंडळीतल्याच लोकांनी चालवावी. चालवता येते, करून बघा.

प्रश्न: बदली झाली. पाच वर्षं ज्यांच्यासाठी रडलो ती माणसं सोडून जायचं, नवीन ठिकाणी मन लागत नाही, प्रार्थनेत जुनीच नावं येतात.

येऊ द्या. मिलेतात पौल इफिसच्या वडिलांचा निरोप घेतो, प्रेषित २०, सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि मोठ्याने रडतात, गळ्यात पडतात, आणि ज्या पौलाने इफिसात तीन वर्षं घालवली तो ते टाळत नाही. म्हणून जायच्या आधी नुसता हारतुऱ्यांचा निरोप समारंभ करून निघू नका. आजारी आणि म्हातारी माणसं ज्या घरांत आहेत तिथं जाऊन या, प्रत्येकाच्या घरी प्रार्थना करा, त्यांनाही तुमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू द्या. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी तुमच्या वहीत असतील तर ती पानं फाडून जाळा, नवीन पाळकाला देऊ नका.

नवीन गावात पहिल्या महिन्यात कार्यक्रम ठरवू नका. घरं फिरा, नावं पाठ करा, वहीत नवीन पान काढून रोज पाच-पाच नावं घेऊन प्रार्थना करा, ओळख झाली की नावाबरोबर चेहरा यायला लागतो. जुनी नावं आठवड्यातून एका दिवशी घ्या, शुक्रवार म्हणा. आणि जुन्या मंडळीच्या ग्रुपमधून बाहेर पडा, तिथल्या पाळकांना त्याचा त्रास होतो. मैत्री राहू द्या, लग्नाला जा, मयतीला जा, पण त्यांच्या कमिटीचा वाद फोनवर सोडवायला बसू नका. कुणी फोन केलाच तर ऐकून घ्या, फोनवरच त्यांच्यासोबत प्रार्थना करा आणि सांगा की हे आता तुमच्या नवीन पाळकसाहेबांशी बोला.